दोन वेळा सांगितलेलं माद्रिद

शाहूपुरी, कोल्हापूर
२ मार्च १९९८

निशाला आक्काचा जय भीम. तुझ्या नवऱ्यालाही सांग, नाहीतर वहिनी विसरली म्हणून वर्षभर ऐकवतील.

बर्फातला फोटो मिळाला. आत्तींनी तो आधी चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिला आणि म्हणाल्या, "पोरगी पार वाळली की गं." तू वाळलेली नाहीस, एकावर एक चार स्वेटर घातल्यामुळे तोंड तेवढं बारीक दिसतंय, असं मी सांगून पाहिलं. पण धाकट्या सुनेबद्दल थोरलीचं ऐकायची सासवांना सवय नसते. आता पुढच्या पार्सलातून डिंकाचे लाडू येतील, ते गुपचूप खा.

फोनवर काही बोलता येत नाही. महिन्यातून एका रविवारी खालच्या झेरॉक्सच्या दुकानात तुमचा फोन येतो आणि दुकानदारासकट सगळे कान लावून उभे राहतात. म्हणून लिहितेय. माझा पाचवा महिना संपला. डॉक्टरीणबाई जूनचा शेवट सांगतात. पायांना थोडी सूज आहे, आणि हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून आले की ग्रीसच्या वासाने मला मळमळतं. बिचारे आधी अंगणातल्या नळावर साबण लावून घेतात, मग घरात पाऊल टाकतात.

तुला एकदा स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाच्या मनात किंतू नको. हे तिसरं मला नको होतं. प्रियदर्शनी दहा वर्षांची, राजवीर सहाचा, आणि खाली दोन खोल्या. मी डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती, तारीखही ठरली होती. ती चिठ्ठी आत्तींनी बंबात घातली आणि दिवाळीत सगळ्यांना बसवून सांगितलं, "हे पोर निशाच्या पदरात घालायचं. लग्नाला अकरा वर्सं झाली. पोरगी तोंडानं बोलत न्हाय, पर मला डोळं हायत." तू तेव्हा उठून वरच्या खोलीत गेलीस. मी मान हलवली, आणि मनापासून हलवली. हे बाळ तुझ्यामुळे राहिलं, तेव्हा ते तुझंच. तुम्ही जुलैअखेर परत याल तोवर मी नुसती सांभाळतेय.

आता आत्तींचा निरोप, त्यांच्याच शब्दांत: "काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या म्हणावं. एकदा पोर आलं की कुटलं जाणं न् कुटलं येणं." मलाही तसंच वाटतं. लग्न झाल्यापासून तुम्ही दोघं म्हणून कुठे गेला आहात? पन्हाळ्याला गेलात तर प्रिया मांडीवर, नागपूरला दीक्षाभूमीवर गेलात तर अख्खी गल्ली बरोबर. त्या देशाची राजधानी मोठी गजबजलेली आहे म्हणतात. जा चार दिवस, दोघंच.

तुझी आक्का


बिल्बाओजवळ, स्पेन
१७ मार्च १९९८

प्रिय आक्का,

जय भीम. बाळाबद्दल तू "ते तुझंच" असं लिहिलंस ती ओळ मी चार वेळा वाचली. पाचव्यांदा ह्यांना वाचून दाखवली. ते उठून भांडी घासायला लागले. भांडी आधीच घासून झाली होती.

इथे सगळं ठीक आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत पंधरा वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न हाताने करणाऱ्या तुझ्या दिराला इथले लोक कॉम्प्युटरवर पॅटर्न शिकवतायत. रोज संध्याकाळी घरी येऊन म्हणतात, "शिकलो, पर हाताला काय लागलंच न्हाय." मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आले, ती गावातल्या बायकांकडून बटाट्याचं ऑम्लेट शिकण्यात घालवते आहे.

माद्रिदचं ठरवलं. एक मेला इथेही कामगार दिनाची सुट्टी असते. गुरुवारी बसने जायचं, रविवारी परत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचीच बॅग भरायची आहे, आणि काय भरतात ते मला आठवत नाही.

आक्का, एक विचारते, एकदाच. दिवाळीत मी वर निघून गेले, त्यामुळे तुझा चेहरा मला दिसला नाही. तुला खरंच चालणार आहे ना? नाही म्हणालीस तर मी कुणाला दोष देणार नाही. एवढं लिहिल्यावर दोन दिवस मी पत्र पेटीत टाकलंच नाही, उत्तराची भीती वाटत होती. मला ते बाळ फार हवं आहे. पूर्वी समोरून बाबागाडी आली की मी फूटपाथ बदलायची. आता वाकून बघते.

तुझी निशा


शाहूपुरी, कोल्हापूर
३० मार्च १९९८

निशा,

विचारलंस तेवढं पुरे. पुन्हा विचारू नको. या घरात मी आले तेव्हा तू नव्हतीस, तू आलीस तेव्हापासून माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस तूच राबलीस. राजवीर तर पहिलं पाऊल तुझ्याकडे टाकत गेला, माझ्याकडे पाठ करून. मला ते आठवतं. तेव्हा चालणार आहे का, असं विचारू नको. चालणार आहे.

माद्रिदचं सगळं लिही, काही गाळू नको. मी पन्हाळा आणि नागपूर सोडून काही पाहिलेलं नाही, तुझ्या डोळ्यांनी बघेन. तिथे माणसं बैलाशी खरंच झुंजतात का, हे राजवीरला हवं आहे. बाबागाड्यांत वाकून बघायला माझी हरकत नाही, पण तिथल्या बायका चिडत नाहीत ना ते आधी बघ.

आक्का


बिल्बाओजवळ
६ मे १९९८

प्रिय आक्का,

माद्रिद पाहिलं. सगळं लिही म्हणालीस, म्हणून चहाचा मोठा कप घेऊन बसले आहे.

एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट नाही. खिडकी उघडली की खाली अरुंद गल्ली, आणि महाद्वार रोडला दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तेवढी गर्दी तिथे रोजची. माणसं मोठ्याने बोलतात, हातवारे करतात, एक दुकानदार दारात उभा राहून समोरच्याशी रस्त्यावरून गप्पा मारतो आणि मधून जाणाऱ्यांनी वाकून जायचं. पहिल्या तासाभरातच हे म्हणाले, "निशा, ही आपलीच माणसं हायत की. नुसती मराठी तेवढी शिकली न्हाईत."

तुझ्या दिराने माद्रिद बहुतेक मान खाली घालून पाहिलं. गटाराचं लोखंडी झाकण दिसलं की थांबायचं, बोट फिरवायचं, ओतकाम कुणी केलं असेल ते सांगायचं. मुख्य चौकात एक फरशी आहे, तिथून त्या देशाचे सगळे रस्ते मोजतात. लोक तिच्यावर पाय ठेवून फोटो काढत होते आणि हे शेजारच्या झाकणाजवळ उकिडवे बसलेले. पोलिसाला वाटलं काही पडलं. तोही खाली बसून शोधायला लागला. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती, त्यामुळे दोघांनी मिळून बराच वेळ शोधलं.

चित्रांच्या मोठ्या संग्रहालयातही ह्यांनी चौकटींचं लाकूड कुठलं ते बघितलं आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली. मी मात्र चित्रंच पाहिली. जिकडे बघावं तिकडे आई आणि तिच्या मांडीवर बाळ. मी प्रत्येकीपुढे थांबून बघून घेतलं, ती बाळाला कुठल्या हातावर धरते. बहुतेकींनी डाव्या. तू राजवीरला उजव्या हातावर घ्यायचीस ना?

खायची चंगळ झाली. कडबोळ्यासारखं काहीतरी तळून देतात, ते घट्ट गरम चॉकलेटमध्ये बुडवून खायचं. ह्यांनी पिशवीतून कांदा-लसणाची चटणी काढली, तेव्हा मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची धमकी दिली. राजवीरला सांग, बैलाची झुंज असते, पण आम्ही गेलो नाही. काका म्हणाले, बैलाने काय वाईट केलंय.

शनिवारी तिथल्या मोठ्या बागेत गेलो. तळं आहे, वल्ह्याच्या बोटी भाड्याने मिळतात. रंकाळ्यात पोहणाऱ्या माणसाला वाटलं, वल्हवणं काय अवघड. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. शेजारच्या बोटीत एक जोडपं होतं, त्यांचं एवढंसं बाळ बापाच्या टोपीखाली झोपलेलं. मी सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी आपलं एवढं असेल." आक्का, ह्यांनी वल्ही सोडून दिली. दोन्ही हात तोंडावर घेऊन रडले. म्हणाले, "मला अजून खरं वाटत न्हाय. वैनी देणार म्हणतात, पर मला खरं वाटत न्हाय." अकरा वर्षांत डॉक्टरांच्या किती पायऱ्या चढलो, तेव्हा हा माणूस कधी रडला नव्हता. मला हसवत घरी आणायचा. हे कुणाला सांगू नको, दादांनाही नाही.

रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे एक पिवळा स्वेटर घेतला, माझ्या पंजापेक्षा थोडाच मोठा. त्या दिवशी त्यांच्याकडे आयांचा सण होता. रस्त्यात फुलवाल्या बायका उभ्या. एकीने माझ्यापुढे लाल फूल धरलं आणि काहीतरी विचारलं. त्यातला "आई" एवढा शब्द मला कळला. ह्यांनी मान हलवून "हो" म्हणून टाकलं. तिने माझा गाल चिमटीत धरला आणि फुलाचे पैसे घेतले नाहीत. बसमध्ये पाच तास ते मी हातात धरून होते.

इतकी सुखी मी आजपर्यंत कधी नव्हते. तुझ्यामुळे आहे, म्हणून तुलाच सांगते.

तुझी निशा


शाहूपुरी, कोल्हापूर
१९ मे १९९८

निशा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संग्रामभावजी आणि तो पोलीस, हे प्रकरण ह्यांनी वर्कशॉपमध्येही सांगितलं. बोटीतलं कुणाला सांगितलं नाही. ते पान मी वेगळं ठेवलं आहे.

हो, मी उजव्या हातावर घ्यायची, मी डावखुरी ना, डाव्या हाताने भाकरी उलटता यावी म्हणून. तुला काही सांगून ठेवायला हवं, म्हणजे पुढे अडणार नाही. हे बाळ वेगळं आहे. प्रिया आणि राजवीर पोटात गप्प असायचे, हे पोर मात्र सकाळी ह्यांची सायकल दारातून उतरली की जागं होतं. भाकरी थापायला बसले की थापेबरोबर लाथा मारतं, थाप थांबली की थांबतं. डाव्या कुशीवर मी झोपले की त्याला खपत नाही. चिडलं असेल तर उजव्या बाजूला हात ठेवायचा आणि बुद्धवंदना म्हणायची, मोठ्याने नाही, तोंडातल्या तोंडात. तिसऱ्या ओळीला गप्प होतं. बुद्ध पौर्णिमेला विहारात सगळ्यांनी मिळून म्हटली, तर घाबरून असं उसळलं की मला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं. त्याला माझाच आवाज लागतो. तुझ्या आवाजाचीही सवय होईल, काळजी करू नको. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवते आहे, तुझ्या हातात देईन.

आत्तींनी एक ठरवलं आहे. बाळाला मी अंगावर पाजायचं नाही, पहिल्या दिवसापासून वाटी-चमचा. त्या म्हणाल्या, "अंगावर घेटलं की काळजाला चिकटतं. मग सोडवत न्हाय, माझं ऐक." बरोबरच आहे. डॉक्टरीणबाईंनी दूध आटायच्या गोळ्यांचं नाव लिहून दिलं. मी ती चिठ्ठी डब्याखाली ठेवली होती, आता सापडत नाही. पुन्हा आणेन.

स्वेटर जून-जुलैत लागणार नाही, पण घेतलास ते छान केलंस. पिवळा रंग मुलाला मुलीला दोघांनाही चालतो. मी आजकाल जरा जास्त झोपते. बाकी सगळं ठीक आहे.

आक्का


बिल्बाओजवळ
१ जून १९९८

प्रिय आक्का,

जय भीम. हे पत्र नीट वाच, आणि आत्तींनाही मोठ्याने वाचून दाखव. फोनवर सगळ्यांसमोर मला हे जमणार नाही.

माद्रिदहून आल्यापासून आम्ही दोघं एकाच गोष्टीवर बोलतो आहोत. ते चार दिवस इतके मजेत गेले की आमच्या लक्षात आलं, आम्हाला दोघांचीच सवय झाली आहे. कधीही उठावं, कुठेही जेवावं, चार मजले चढावेत. कडेवर पोर असतं तर ते जिने दिवसातून तीन वेळा चढलो असतो का? त्या तळ्यात आम्ही तासभर बोटीत बसलो आणि हसून हसून पोट दुखायला लागलं. शेजारच्या बोटीतलं बाळ सारखं किरकिरत होतं, त्यांचं काही तळ्याकडे लक्षच नव्हतं. संग्रहालयातही मी लवकर कंटाळले, सगळी चित्रं एकसारखीच. फुलवालीला मी ते फूल परत दिलं होतं, मागच्या वेळी लिहायचं राहिलं. आणि पिवळा स्वेटर कारखान्यातल्या एका बाईंच्या नातवाला देऊन टाकला, त्याला तो छान बसला.

तेव्हा आम्ही विचारपूर्वक ठरवलं आहे की आम्हाला बाळ नको. परत आल्यावर माझी शाळा आहे, ह्यांना कंपनी आणखी कुठे कुठे पाठवेल, आम्हाला फिरायचं आहे. माणसाला आधी कळत नाही आपल्याला काय हवं ते. आम्हाला माद्रिदमध्ये कळलं. तुझ्या पत्राचा याच्याशी काही संबंध नाही. ते यायच्या आधीच आमचं ठरत आलं होतं.

आत्ती रागावतील. माझ्यावर रागावू देत, तुझ्यावर नको. त्यांना सांग, निशा शिकलेली आहे, तिला आता असल्या गोष्टींची आवड राहिली नाही.

आणि बाळाला तू अंगावर पाज. पहिल्या दिवसापासून पाज. त्यात एक तासही घालवू नको. ती वही तुझ्याजवळच ठेव.

तुझी निशा

वैनी, निशा म्हनती त्येच माझंबी म्हननं हाय. मी रविवारी फोनवर आईशी बोलतो. — संग्राम


शाहूपुरी, कोल्हापूर
८ जून १९९८

निशा,

मुलगी झाली. चार तारखेला सकाळी, तीन आठवडे आधीच. दोन किलो चारशे. रंग उजळ, केस भरपूर, कपाळ आपल्या घरातलं. तुझी लेक छान आहे.

काल तुमचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. ह्यांनी बातमी सांगितली तर तू "जपा" एवढंच म्हणालीस म्हणे. संग्रामभावजी आत्तींशी काहीतरी बोलायला लागले आणि लाइन तुटली. मग संध्याकाळपर्यंत सगळे दुकानात बसून होते, लागलीच नाही. आनंदाने तुम्हाला बोलवेना, असं आत्ती म्हणाल्या.

आत्तींनी सांगितलं तसंच सगळं करते आहे. मी तिला अंगावर घेतलेली नाही. नर्सबाईने दोनदा झापलं, आत्तींनी तिला बाहेर नेऊन काय सांगितलं कोण जाणे. डब्याचं दूध वाटी-चमच्याने घेते, निम्मं गालावरून सांडतं. माझ्या छातीला फडकं बांधलं आहे. गोळ्या आणल्या नाहीत. ती रडली की फडकं भिजतं, त्याला माझा इलाज नाही.

आज घरी आलो. तिला नाव ठेवलेलं नाही, ते तुम्ही ठेवाल. जमलं तर लवकर या. जुलै फार लांब आहे.

आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
१४ जून १९९८

निशा,

तुझं एक तारखेचं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमन दारात उभा होता, पाणी मागत होता, आणि मी तशीच उंबऱ्यात उभी राहून वाचत होते. शेवटी आत्तींनी त्याला पाणी दिलं.

तू सांगितलंस म्हणून त्यांना वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. संपल्यावर त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "खोटं लिवलंय पोरीनं."

मी म्हणाले, "व्हय."

"मग?"

पोरगी वाकळेवर रडत होती, चमच्याचं दूध तिने थुंकून टाकलं होतं. मी फडक्याची गाठ सोडली. आत्ती उठल्या. मला वाटलं आता हात धरतील. त्यांनी जाऊन दाराला कडी घातली, माझ्या पाठीमागे उशी सरकवली आणि म्हणाल्या, "पाज. लई उशीर झालाय."

पहिल्यांदा काही आलंच नाही. नऊ दिवस बांधून ठेवलेलं. तिला ओढताही येईना, चिडून लालभडक झाली. मी उजव्या हातावर घेतली आणि तोंडातल्या तोंडात वंदना म्हटली. तिसऱ्या ओळीला गप्प झाली आणि मग तिला सापडलं. मी दोन पोरं वाढवली, पण अशी रडत कुणाला पाजलं नव्हतं. आत्ती भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांचीही पाठ हलत होती. संध्याकाळी ह्यांना त्यांनीच सांगितलं, "पोर इथंच ऱ्हाईल. परत इचारायचं न्हाय." प्रियाने सगळ्या गल्लीत सांगून टाकलं.

आता तुझं बोलू. निशा, खोटं लिहायचं असेल तर आधीचं पत्र परत मागवून घ्यायचं असतं. बोटीत संग्रामभावजी हात तोंडावर घेऊन रडले, हे तूच लिहिलंस. त्याच बोटीत आता हसून पोट दुखलं म्हणतेस. प्रत्येक चित्रापुढे थांबून बाळ कुठल्या हातावर आहे ते बघितलंस, आणि आता सगळी चित्रं एकसारखी वाटली. फूल परत केलंस? पाच तास बसमध्ये काय धरलं होतंस मग? दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. मला पहिलंच माद्रिद खरं वाटतं. तू एकाच गावाला जाऊन दोन ठिकाणं पाहिलीस, आणि दुसरं फक्त माझ्यासाठी पाहिलंस.

माझ्या त्या पत्रात मी काय लिहिलं होतं, ते मला आता कळतंय. मी तुला बाळाची माहिती द्यायला बसले होते. तू त्यात मला वाचलंस. तोंडाने मी कधी मागितलं नसतं. मेले असते, पण मागितलं नसतं. तेही तुला ठाऊक होतं, म्हणून तू मला मागायलाच लावलं नाहीस.

पण एक तुला सांगायला हवं, नाहीतर मला तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही. तुझं पत्र खोटं आहे हे मला उंबऱ्यातच कळलं होतं. पहिल्या चार ओळींत. मी तेव्हाच म्हणू शकले असते की नाही, हे खरं नाही, बाळ निशाचं आहे, दिलेला शब्द आहे. आत्तींनी "मग?" विचारलं ते त्याचसाठी. मी ते म्हटलं नाही. खोटं आहे हे कळूनही मी ते खरं धरलं, आणि पोरगी उचलली. चांगुलपणा तू केलास. मी तो घेतला, दोन्ही हातांनी घेतला.

तिथे एकटीने रडून मोकळी होऊ नको. इथे ये, वरच्या खोलीत दार लावून बसू नको, माझ्यासमोर बस. मला काय बोलायचं ते बोल, शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी मान खाली घालून ऐकेन. फक्त हसतमुखाने येऊन, आम्हाला नकोच होतं, असं म्हणू नको. पत्रात लिहिलंस ते मी घेतलं. तोंडावर म्हणालीस तर मला सोसणार नाही.

आक्का